विनावाहक, विनाथांबा

लायसन हातात पडलं त्या दिवशी मला गाडी चालवता येत नव्हती, आणि हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

विट्यातल्या ज्या ड्रायव्हिंग क्लासात मी महिनाभर शिकले, तिथल्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला होता. तो अडीअडचणीसाठी असतो असं मास्तर म्हणाले होते आणि मी त्यावर विश्वास ठेवला. मास्तर सगळा वेळ फोनवर कुणाशी तरी प्लॉटच्या भानगडी बोलत असायचे, माझ्याकडं बघायचेसुद्धा नाहीत, आणि तरी गाडी कशी झोकात चालायची. मला वाटलं, आपल्याला उपजतच येतं. तसं मी चारचौघींना सांगूनही टाकलं. परीक्षेच्या दिवशी तीच गाडी होती, शेजारी तेच मास्तर होते, आणि मी पास झाले. लायसन आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी घरची गाडी काढायला बसले, चावी फिरवली, गिअर टाकला, आणि गाडीनं टुणकन उडी मारून समोरच्या शेणींच्या, म्हणजे गोवऱ्यांच्या, ढिगात तोंड घातलं. तेव्हा लक्षात आलं, लायसनवर फोटो माझा असला तरी पाय मास्तरांचे होते. शेणी सगळ्या परत रचाव्या लागल्या.

पंचेचाळिसाव्या वर्षी मला हे कशाला सुचलं, तर आईसाठी. माझं माहेर पाटणच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला एका वाडीत आहे. आमच्याकडं सुनेनं माहेरी जायचं म्हणजे माहेराहून कुणीतरी न्यायला यावं लागतं. आधी वडील यायचे, ते गेल्यावर भाऊ यायचा. भाऊ मिलिटरीत. त्याची बदली पार सरहद्दीवर झाली आणि तीन वर्षं मला न्यायला कुणी आलंच नाही. आमचे हे तमिळनाडूत. विट्याकडच्या बऱ्याच घरांसारखं आमचंही तिकडं सोनं गाळायचं दुकान आहे, आणि दिवाळीला हे आठ दिवस येतात त्यात त्यांना लग्नं, बारशी आणि जमिनीच्या मोजण्या सगळंच उरकायचं असतं. मी एसटीनं एकटी जाते म्हटलं तर सासूबाई म्हणायच्या, पिशवी घेऊन एकटी स्टँडवर दिसलीस तर गाव म्हणेल भांडून चालली. आणि गाव खरंच म्हणालं असतं. पण गाडी घेऊन गेलेल्या बाईला भांडून गेली असं कोण म्हणेल? भांडणात नवऱ्याची गाडी कुणी देतं का? हे डोकं मी एकटीनं चालवलं होतं. यांनी नवी गाडी घेतल्यावर जुनी गावी आणून ठेवली होती, तमिळनाडूच्या नंबरची, आणि ती नुसती उभी होती.

दर रविवारी आई फोनवर विचारायची, कवा येतीस? मी म्हणायचे, येते. तीन वर्षं मी येतेच म्हणत होते. गुडघ्यांमुळं ती वाडीबाहेर पडत नव्हती, आवाज दर महिन्याला थोडा बारीक होत चालला होता, आणि आपण पोचायच्या आधीच काही झालं तर, ही धास्ती मला आतून खात होती. शेणी रचताना मी रडलेसुद्धा, पण ते शेणींच्या धुळीनं झालं असं सांगितलं.

मग घरात वाद सुरू झाला, की लायसन मिळाल्यावर परत शिकायचं का. हे फोनवर म्हणाले, येतं म्हणून सरकारनं लिहून दिलंय, आता आपणच येत नाही म्हणणं बरं दिसत नाही. हे स्वतः एका दुपारी मित्राच्या टेम्पोवर शिकले आणि त्यांनी आमचंच फाटक दोनदा पाडलंय, पण ते त्यांच्या हिशेबी फाटकाच्या चुकीनं. क्लासातले मास्तर म्हणाले, दहा दिवसांची जादा शिकवणी लावा, मात्र आमच्याच गाडीवर. म्हणजे परत त्यांचेच पाय. सासूबाईंचं म्हणणं, गाडी विकून म्हैस घ्यावी, म्हशीला लायसन लागत नाही.

शेवटी सासरे बोलले. सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या, आमच्या भागात तशीच पद्धत आहे. मामांनी एकतीस वर्षं एसटी चालवली आणि गाडीला ओरखडा पडू दिला नाही. आता डोळ्यांमुळं डॉक्टरांनी स्टेअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलंय. तेव्हापासून ते अंगणात खुर्ची टाकून बसतात आणि जाणाऱ्या गाडीचा नुसता आवाज ऐकून ड्रायव्हरला नावं ठेवतात. ते म्हणाले, "लायसन म्हंजे नुसती गाडीत बसायची परवानगी हाय. चालवायला मी शिकीवतो. पर मी पास म्हनल्याबिगर एकटीनं पाटणला जायचं न्हाई." मी लगेच कबूल झाले. कबूल होण्याआधी ते कसं शिकवणार हे विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मामा खाकी शर्ट घालून बाहेर आले. रिटायर झाल्यापासून तो शर्ट ट्रंकेत होता आणि मधल्या काळात मामांचं पोट वाढलं होतं, त्यामुळं वरची दोन बटणं तेवढी लागली. त्यांनी आधी माझ्याकडून काच पुसून घेतली, तेल-पाणी बघायला लावलं, चारी टायरांना लाथ मारून बघायला सांगितलं. मग ते माझ्या शेजारी बसले आणि मागच्या सीटवर आत्या येऊन बसल्या. आत्यांच्या मांडीवर पितळी तांब्या होता आणि हातात चमचा.

मी विचारलं, आत्या कुठं निघाल्या? मामा म्हणाले, कुठं न्हाई, ती बेल मारनार.

एसटीत कंडक्टरनं एकदा बेल मारली की थांबायचं आणि दोनदा मारली की निघायचं, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. मामा एकतीस वर्षं त्यावरच जगले होते. मागून डबल बेल आल्याशिवाय गाडी हलवणं ही त्यांच्या मते कामातली सगळ्यात मोठी चूक होती. ड्रायव्हरनं पुढं बघायचं आणि कंडक्टरनं मागं, एका माणसाला दोन्हीकडं बघायला लावलं की तो कुठंच बघत नाही, असं ते म्हणाले. आत्यांनी तांब्यावर दोन ठोके मारले आणि माझी जादा शिकवणी सुरू झाली.

आत्यांचा सगळा जन्म मामांच्या मर्जीनं थांबण्या-निघण्यात गेला होता. आता त्यांच्या एका चमच्यावर मामांना थांबावं लागत होतं. त्यांना ते असं काही आवडलं की पहिल्याच आठवड्यात त्यांनी मेथीवालीपाशी एक, नणंदेच्या दारापाशी एक आणि ज्या घराशी आमचं बोलणं नाही त्यांच्या अंगणापाशी एक अशा बेली मारल्या. तिसऱ्या ठिकाणी काम काहीच नव्हतं. त्यांना फक्त आपली सून गाडी चालवते हे दाखवायचं होतं. त्या अंगणासमोर आम्ही बराच वेळ उभे राहिलो.

वळणाचं तर विचारू नका. मामांच्या डोक्यात अजून एसटीचीच लांबी होती. चौकात वळायचं असलं की ते म्हणायचे, मागचं चाक ध्यानात घे, आणि मला आधी पार उलट्या बाजूला नेऊन मग वळायला लावायचे. आमची गाडी म्हणजे केवढीशी, तिला त्या वळणात दोनदा वळता आलं असतं. एकदा मी अशी लांबून वळता वळता एकाच्या उसात शिरले. मामा म्हणाले, हरकत न्हाई, मागचं चाक रस्त्यावरच हाय.

शिवाय वाटेत जेवढे एसटीचे थांबे लागतील तेवढ्या ठिकाणी थांबायचं. मी म्हटलं, मामा, कुणी उतरायचं नाही, चढायचं नाही, कशाला थांबायचं? मामा म्हणाले, थांबा हाय म्हनून. एका थांब्यावर गाडी इतकी नेमकी लावली गेली की मागचं दार उभ्या असलेल्या एका म्हातारीच्या बरोबर समोर आलं. म्हातारी दार उघडून आत बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि कनवटीचं आधार कार्ड काढून आत्यांपुढं धरलं, वयाची सवलत असते म्हणून. आत्यांनी कार्ड हातात घेऊन पुढून मागून बघितलं, परत दिलं आणि दोन ठोके मारले. विट्यात उतरताना म्हातारी म्हणाली, हल्ली बारक्या गाड्या सोडल्यात ते बरं झालं. मामांनी मान हलवली.

आता गावातल्या बायका मला विचारतात, लायसन निघाल्यावर वरनं शिकवणी लावावी का, काही फायदा होतो का? मी एकदम हो म्हणत नाही, कारण हे सगळं आठवतं. पण नाही म्हणायला गेले की दुसरंही आठवतं. पुढच्या गाडीकडं बघू नगंस, तिच्याही पुढच्या गाडीकडं बघ, हे मला मामांनी सांगितलं. कारखाने सुरू होते, रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, एकामागं दोन ट्रॉल्या. त्यातली मागची ट्रॉली उतारावर शेपटासारखी हलते, तिच्या अंगाला जायचं नाही, आणि ओव्हरटेक करायच्या आधी रस्त्याच्या कडेला किती जागा आहे ते बघून ठेवायचं, हे त्यांनी मला पंधरा वेळा करून दाखवायला लावलं. समोरचा चुकला तरी हॉर्नवर राग काढायचा नाही. घाबरलीस तर वेग कमी कर, डोळे मिटू नकोस. हो, मी मिटायचे. क्लासात महिनाभर मिटत होते आणि मास्तरांनाही कळलं नव्हतं.

तरी एक घोळ होताच. दीड महिन्यानंतर मला गाडी चांगली यायला लागली, पण बेलीशिवाय माझा पाय उठेना. आत्यांना शिंक आली आणि चमचा निसटून तांब्यावर पडला की मी थांबायचे. एकदा आत्या मागं झोपल्या आणि मी मोकळ्या रस्त्यावर निघायची वाट बघत बसले.

मग तो शनिवार आला. आम्ही कराडच्या रस्त्याला होतो. तिथं एका गावात रस्त्याला चिकटून मारुतीचं देऊळ आहे. शनिवार म्हणून देवळात गर्दी. आम्ही समोरून जात होतो आणि कुणीतरी घंटा वाजवली. एकदाच. मी जागच्या जागी ब्रेक मारला.

मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता. त्यानं दोन ट्रॉल्यांसकट गाडी कशीबशी थांबवली, त्याच्यामागं चार मोटारसायकली थांबल्या, आणि ट्रॅक्टरवाला खाली उतरून काचेपाशी आला. शिव्या द्यायच्या तयारीनं आला होता, पण आत बाई, शेजारी खाकी शर्टातला म्हातारा आणि मागं तांब्या घेतलेली म्हातारी बघून त्याचा सूर बदलला. गाडी बाहेरच्या राज्यातली दिसल्यावर त्यानं आधी हिंदीत विचारलं, क्या हुआ. मग मराठीत विचारलं, आवं ताई, बंद पडली का?

मी म्हटलं, बेल झाली.

तो मामांकडं बघायला लागला. मामा नाकासमोर बघत होते. तेवढ्यात देवळात कुणा आजीनं घंटा वाजवली, दोनदा, आणि मी निघाले. आरशात बघितलं तर ट्रॅक्टरवाला रस्त्यातच उभा होता, कमरेवर हात ठेवून.

दोन दिवस शिकवणीच झाली नाही. मला वाटलं, संपलं, आता पास म्हणणार नाहीत आणि मी पाटणला जाणार नाही. रविवारी आईचा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा येते म्हटलं नाही. मी विषय बदलून तिला गुडघ्याच्या तेलाचं विचारलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामांनी मला अंगणात बोलावलं. आजपासून बेल बंद, म्हणाले. साताऱ्याहून पुण्याला काही एसटी अशा जातात की त्यांच्या पाटीवर विनावाहक, विनाथांबा लिहिलेलं असतं. गाडीत कंडक्टर नाही आणि मधे कुठं थांबायचं नाही. मामा म्हणाले, तुला आता तसं चालवायला शिकायचंय, आणि ते मी शिकवू शकत नाही. मी विचारलं, का?

मामांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मला ती ड्यूटी दोनदा आली व्हती. दोन्ही खेपंला न्हाई म्हनलो. सगळ्यास्नी वाटलं अंगात मस्ती हाय. मी भ्यालो व्हतो. मागं बेल नसली की सगळं आपल्याच डोक्यावर येतं बघ."

मी पंचवीस वर्षं त्या घरात आहे. मामा कशाला भ्याले असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. मी चहा ठेवायला आत गेले.

त्यानंतर पंधरा दिवस मी चालवायचे आणि मामा शेजारी तोंड मिटून बसायचे. त्यांना ते किती जड गेलं ते त्यांच्या पायांवरून कळायचं. मी ब्रेकला उशीर केला की त्यांचा पाय आपोआप खालच्या पायपुसण्यावर दाबला जायचा. आत्यांनी घरीच राहायचं ठरलं होतं. त्या नोकरी गेल्यासारख्या रुसून बसल्या होत्या आणि तांब्या आपटून घासायच्या. पण मी थांब्यावर थांबायचं सोडलं, वळण जवळून घ्यायला लागले, आणि एके दिवशी ट्रॉल्यांना मागं टाकून पुढं गेले तेव्हा लक्षात आलं की कुणी सांगायची वाट मी बघितलीच नव्हती. मामांनी खिडकीबाहेर बघत म्हटलं, बरं हाय. पास म्हणायची त्यांची हीच रीत.

शिमग्याच्या आधी एका सकाळी मी एकटी निघाले. आत्यांनी पुरणपोळ्यांचा डबा आणि दह्याचा चमचा दिला. मामांनी चारी टायरांना लाथा मारल्या. गाव बघत होतं आणि भांडून चालली असं कुणीही म्हणालं नाही.

कराडपर्यंत छान गेले. पुढं हायवेच्या कामात फाटा चुकला आणि पाटणला जायच्या ऐवजी मलकापुरात शिरले. तिथल्या एका पेट्रोल पंपासमोरून मी तीनदा गेले. तिसऱ्या वेळेला पंपावरच्या माणसानं ओळखीचा हात केला. चौथ्यांदा मी थांबून त्यालाच रस्ता विचारला. तो तेवढ्यासाठीच उभा असल्यासारखा गाडीपुढं आला आणि त्यानं मला योग्य दिशेला लावून दिलं. पाटणच्या रस्त्याला लागल्यावर नदी दिसायला लागली, डोंगर जवळ आले, आणि मी मोठ्यानं स्वतःशी बोलत चालवत होते, घाबरलीस तर वेग कमी कर, डोळे मिटू नकोस. एकदा वेग इतका कमी झाला की सायकलवाल्यानं मला मागं टाकलं.

वाडीत पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. गाडी घराच्या कडेला लावून मी पुढं आले, तर आई दारातच बसली होती. तिनं मला बघितलं, उठायला गेली, पुन्हा बसली, आणि माझा हात धरून तो सोडेना. वाळली होती. तिच्या हाताची हाडं माझ्या हाताला लागत होती. मी धरून ठेवलेलं सगळं रडू तिथं रडून घेतलं, आणि ती म्हणत राहिली, आलीस व्हय, आलीस व्हय.

मग ती धरत धरत आत गेली आणि चहा टाकला. तीन कप. मी म्हटलं, तिसरा कुणाला? म्हणाली, तुला सोडायला आलाय त्याला. उन्हात कशाला बसवलंस, आत बोलाव. मी म्हटलं, आई, कुणी आलं नाही, मीच चालवत आले. तिला वाटलं मी थट्टा करतेय. ती म्हणाली, आगं, बोलाव की त्या मानसाला. शेवटी मी बाहेर गेले, गाडीला एक फेरी मारली आणि परत आत आले.

"आला का?" आईनं विचारलं.

"आले," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग कप तिथंच ठेवून ती भिंतीला धरून बाहेर गेली, गाडीच्या काचेला हात लावून पुढची सीट बघितली, मागची बघितली. मागं पुरणपोळ्यांचा डबा होता फक्त. मला वाटलं ती मला शाबास म्हणणार, नाहीतर एवढं धाडस कशाला केलंस म्हणून रागावणार.

ती म्हणाली, "मग मला ने की."

मी विचारलं, कुठं, दवाखान्यात?

"माझ्या माहेराला."

आईचं माहेर ढेबेवाडीच्या खोऱ्यात आहे, डोंगराच्या पलीकडं. तिचा भाऊ, माझा मामा, जाऊन एकोणीस वर्षं झाली. त्याची मुलं मुंबईला असतात, घराला कुलूप आहे. तो गेल्यापासून तिला न्यायला कुणी आलं नव्हतं. मला हे सगळं माहीत होतं. मी माझी तीन वर्षं बोटांवर मोजत बसले होते, घरात सगळ्यांना ऐकवत होते, आणि आईच्या एकोणीस वर्षांचा विचार माझ्या मनाला एकदाही शिवला नव्हता. मला स्वतःची इतकी लाज वाटली की तिच्याकडं बघवेना.

मी म्हटलं, "आई, तिथं आता कुणी नाही गं."

"नसू दे. मला ऱ्हायचं न्हाई. बगून येऊ."

ती आत जाऊन लुगडं बदलून आली. हिरवं, ठेवणीतलं. मी तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि गुडघे हळूच आत घेतले. पट्टा लावून गाडी सुरू केल्यावर तिनं काच खाली करायला लावली, डोकं बाहेर काढलं आणि शेजारणीला हाक मारून, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की दाराला कडी घालशील का, लेक न्यायला आली आहे, मी माहेराला चालले.